एवढ्याशा पोटाचा हिशेब

बाळा, पिल्लासाठी कुठलं फूड आणू, असं तू फोनवर विचारलंस. एखादं नाव सांगून मी मोकळी झाले असते. पण दुकानातली नावं बदलतात, पिशव्यांचे रंग बदलतात, आज मिळतं ते उद्या मिळत नाही. म्हणून नावाऐवजी हिशेब सांगते. तो एकदा डोक्यात बसला की कुठल्याही दुकानात उभी राहिलीस तरी तुझं तुला ठरवता येईल.

तुझं पॉमेरेनियनचं पिल्लू आज किलोभर वजनाचं आहे. चार महिन्यांच्या आतल्या एवढ्या पिल्लाला दिवसाला साधारण २१० उष्मांक लागतात. नुसतं पडून राहायला ७०, आणि वाढ धरून त्याच्या तिप्पट, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. आता तुमच्या सोसायटीतल्या ३० किलोच्या लॅब्रडॉरकडे बघ. त्याला दिवसाला चौदाशेच्या आसपास पुरतात, म्हणजे किलोमागे पन्नाससुद्धा नाहीत. तुझ्या पिल्लाची गरज किलोमागे चौपट, आणि ती भागवायची इवल्याशा पोटातून. लहान जातीच्या पिल्लाचं सगळं खाणंपिणं या एका अडचणीभोवती फिरतं. जागा कमी आणि गरज मोठी, म्हणून पोटात जाणारा घासन् घास कामाचा हवा. पोट भरलं पण अंगी काही लागलं नाही, अशा खाण्याला तिथे जागाच नाही.

दूध-पोळीवर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री वाढली, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ती कुत्री अंगणातली होती, अंगापिंडाने मोठी होती आणि दिवसभर हिंडून चार ठिकाणी आणखी काहीबाही खाऊन यायची. फ्लॅटमधल्या पॉमला ती सोय नाही. एक मध्यम पोळी म्हणजे शंभरेक उष्मांक. पिल्लाच्या दिवसाच्या खाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एका पोळीने खाल्ला, आणि हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात नावालाच. दुधाचंही तसंच आहे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि दुधातली साखर मात्र कमी असते. आईपासून तुटलेल्या पिल्लाला वाटीभर गाई-म्हशीचं दूध पाजलं की पुष्कळदा ढाळ लागते ती या साखरेनेच. किलोभराच्या जिवाला एका दिवसाची ढाळसुद्धा सोसत नाही.

मांसाहारी घरांत गडबड वेगळी होते. तिथे कौतुकाने नुसतं उकडलेलं चिकन घालतात, कधी काळीज. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, दुपटीपर्यंत चालतं. ते मिळालं नाही की शरीर रक्तातली पातळी राखायला हाडांमधून कॅल्शियम काढून घेतं. पिल्लू दिसायला गुबगुबीत असतं, आणि पलंगावरून उडी मारताना पाय मोडतो. मी अशी पिल्लं पाहिली आहेत. ते दुखणं पाहवत नाही, म्हणून एवढं पोटतिडकीने सांगतेय.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. वाढीचं हे पहिलं वर्ष तरी पिल्लाचं मुख्य खाणं बंद पिशवीतलं, पिल्लांसाठीच तयार केलेलं ड्राय फूड असू दे. घरी शिजवून पूर्ण आहार देता येत नाही असं नाही. पण त्यासाठी प्राण्यांच्या आहाराचा अभ्यास केलेल्या डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये मोजून दिलेली पाककृती लागते आणि ती रोज तशीच पाळावी लागते. अंदाजपंचे घातलेला वरण-भात म्हणजे घरचा आहार नव्हे.

दुकानात गेलीस की पिशवी हातात घेऊन आधी उलटी कर. पुढच्या बाजूला चित्रं असतात, मागच्या बाजूला माहिती. मागे तीन गोष्टी शोध. पहिली, हा संपूर्ण आणि संतुलित आहार आहे, असं लिहिलंय का? पूरक खाद्य किंवा ट्रीट म्हणून विकलेलं काहीही जेवण होऊ शकत नाही. दुसरी, तो कुठल्या वयासाठी संतुलित आहे? ‘पपी’, ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ यांपैकी काहीतरी हवं. मोठ्या कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं म्हणून किंवा घरात आधीच आहे म्हणून पिल्लाला घालू नकोस. बऱ्याच कंपन्या अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेची मानकं पाळल्याचं पिशवीवर छापतात. त्या मानकांत, पाण्याचा अंश वगळून, प्रौढ कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं सांगितली आहेत आणि वाढत्या पिल्लाला साडेबावीस. कॅल्शियम प्रौढाला अर्धा टक्का, पिल्लाला १.२. स्निग्धांश प्रौढाला साडेपाच, पिल्लाला साडेआठ. हे झाले किमान आकडे. लहान जातीच्या चांगल्या फूडमध्ये प्रथिनं २८-३० टक्क्यांच्या पुढे आणि स्निग्धांश पंधराच्या पुढे सर्रास असतो, आणि तो असावाच, कारण एवढ्याशा घासात उष्मांक बसवायचे तर स्निग्धांशाशिवाय मार्ग नाही.

तिसरी गोष्ट, १०० ग्रॅममध्ये उष्मांक किती? ज्या पिशवीवर हा आकडा नाही ती मी ठेवून देते. समजा ३८० लिहिलंय. मग तुझ्या पिल्लाचे २१० उष्मांक म्हणजे साधारण ५५ ग्रॅम. चार वेळा खाऊ घालायचं, तर एका वेळी १४ ग्रॅमच्या आसपास. बघ, केवढंसं झालं. वाटीने, मुठीने मोजायला गेलीस तर पाच ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि एका जेवणातला तो तिसरा हिस्सा असतो. म्हणून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापर. पिशवीवरच्या तक्त्यात कधी आजचं वजन धरलेलं असतं, कधी मोठेपणी होणारं. ते नीट बघून घे.

मोठेपणीचं वजन म्हटलं की एक काम आधी करावं लागतं. ब्रीडरला पिल्लाच्या आईबापांची वजनं विचार. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो ना, तो स्पिट्झच. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंवर थांबतो, स्पिट्झ पाच-सात किलोंपर्यंत जातो, काही त्याहून मोठे होतात. दोघांनाही लहान जातीचंच फूड चालतं. पण स्पिट्झची वाढ पॉमच्या मापाने तोलशील तर तो लठ्ठ होतोय असं समजून उपाशी ठेवशील.

लहान जातीचं फूड वेगळं असतं ही नुसती जाहिरात आहे का, असंही तू विचारलंस. थोडी जाहिरात असतेच. पण दोन फरक खरे आहेत. एक दाण्याचा आकार. तुझ्या पिल्लाला आत्ता २८ दुधाचे दात आहेत, चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतील आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतील. एवढ्याशा जबड्यात मोठा दाणा धरताच येत नाही. पिल्लू तो तसाच गिळतं किंवा खायचंच सोडतं. दुसरा फरक उष्मांकांचा. ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेली पिशवी दुकानदार पिल्लांचंच आहे म्हणून पुढे करील. ती घेऊ नकोस. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं भराभर वाढू नयेत म्हणून त्यातली ऊर्जा आणि कॅल्शियम मुद्दाम आवरून ठेवलेलं असतं. तुझ्या पिल्लाची गरज त्याच्या उलट आहे. पग किंवा शिह त्झू असता तर बसक्या तोंडामुळे दाण्याचा घाट आणि पसरट ताटलीही बघायला लागली असती. पॉमला ती अडचण नाही.

तिसऱ्या महिन्यापर्यंत दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून दे. खाऊन उरलं तर अर्ध्या तासात उचलून टाक. आपल्या हवेत भिजलेलं खाणं लवकर आंबतं.

धान्य नसलेलं, म्हणजे ‘ग्रेन फ्री’, महागडं फूड घ्यावं का, तर माझ्या मते नाही. लांडग्यापासून कुत्रा वेगळा होताना त्याला पिष्ट पचवण्याची ताकद आली, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. शिजलेला तांदूळ, मका त्याला पचतो. उलट, धान्य काढून त्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरलेल्या फूडचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. कार्यकारण पक्कं ठरलेलं नाही. पण ज्याची गरजच नाही त्यासाठी एवढ्याशा पिल्लावर जोखीम का घ्यायची?

मग महाग आणि स्वस्त यांत निवड कशी करायची? जगभरातल्या छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना आहे, ‘वसावा’. तिने पाळणाऱ्यांसाठी चांगले प्रश्न काढून ठेवले आहेत. हे फूड ठरवणारा आहारतज्ज्ञ कोण, त्याचं शिक्षण काय, ते कुठल्या कारखान्यात बनतं, गुणवत्ता कशी तपासतात? पिशवीवरच्या नंबरला फोन कर आणि विचार. कोण किती सरळ उत्तर देतो यावरून तुला बरंच कळेल. आणि पैशांचाही हिशेब घाल. तुझं पिल्लू दिवसाला ५०-६० ग्रॅम खाणार, म्हणजे महिन्याला दोन किलोसुद्धा नाही. मोठ्या कुत्र्याच्या घरात महागडं फूड परवडत नाही हे मी समजू शकते. लहान कुत्र्याच्या घरात मात्र चांगलं फूड घेणं जमण्यासारखं असतं.

त्याच हिशेबाने दहा किलोंची मोठी पिशवी कितीही सवलतीत मिळाली तरी आणू नकोस. ती तुला पाच-सहा महिने पुरेल, आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यातच त्यातलं तेल खवट व्हायला लागतं. पावसाळ्यात दाणे सादळतात, बुरशी धरतात, आणि ती बुरशी यकृतावर जाते. दीड-दोन किलोंची पिशवी आण, तयार झाल्याची तारीख बघून आण, आणि दाणे डब्यात ओतण्याऐवजी पिशवीच झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेव. काही बिघडलं तर पिशवीवरचा बॅच नंबर हाताशी राहतो. सुटं, वजनावर मिळणारं फूड अजिबात नको. ते कधी उघडलं आणि किती दिवस तसंच पडलंय, कोणाला माहीत.

आता बदल कसा करायचा ते ऐक. ब्रीडरकडे पिल्लू बहुतेकदा लहान बाळांच्या सिरीअलवर किंवा ‘स्टार्टर’वर असतं. सिरीअल माणसाच्या बाळासाठी आहे, पिल्लाला ते फार दिवस पुरं पडत नाही. पण आल्याआल्या ते बंद करू नकोस. घर नवं, माणसं नवी, आईची ऊब गेलेली. पहिले काही दिवस निदान खाणं ओळखीचं असू दे. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल: आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग सगळं. शी पातळ झाली तर आहे त्या टप्प्यावर दोन दिवस थांब.

खाण्याच्या वेळा हा या सगळ्यातला जिवावर बेतू शकणारा भाग आहे. एवढ्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. एक जेवण चुकलं, फार खेळून दमलं, गारठलं किंवा पोट बिघडलं की रक्तातली साखर धाडकन उतरते. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. पॉमसारख्या अगदी लहान जातीला मी त्यापुढेही काही महिने तीन वेळा घालायला सांगते. रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या आधी आणि सकाळचं उठल्याबरोबर, म्हणजे मधला उपास लांबत नाही. पिल्लू लटपटायला लागलं, थरथरलं, हाक मारल्यावर शून्य नजरेने बघायला लागलं, तर बोटावर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी घेऊन हिरड्यांना चोळ. शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नकोस, श्वासनलिकेत जातं. उबेत गुंडाळ आणि लगेच डॉक्टरांकडे पळ. शुद्धीवर आलं तरी जायचंच. मधाची छोटी बाटली प्रवासाच्या पिशवीतही ठेव.

घरच्या खाण्यातलं काहीच द्यायचं नाही का? द्यायचं, पण दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यात. म्हणजे २० उष्मांक. एका मारी बिस्किटात साधारण तेवढेच असतात आणि त्यात पिठा-साखरेपलीकडे काही नाही. त्यापेक्षा उकडलेल्या अंड्याचा चौथा भाग दे. अख्ख्या अंड्यात सत्तरेक उष्मांक असतात, पिल्लाच्या दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा, म्हणून अख्खं नाही. बिनमसाल्याच्या चिकनचा बोटभर तुकडा, गाजराची किंवा लाल भोपळ्याची उकडलेली फोड, चमचाभर ताजं दही. तुमच्या घरात अंडंही येत नसेल तर गाजर, भोपळा आणि दह्यावर भागव. मुख्य खाणं बंद पिशवीतलं असल्याने त्याचं काही अडणार नाही. कच्चं मांस मात्र नको. त्यातल्या जंतूंचा त्रास पिल्लाइतकाच घरातल्या लहान मुलांना होतो.

आपल्या स्वयंपाकातल्या काही गोष्टी त्याच्यासाठी विष आहेत. कांदा आणि लसूण, कच्चा, शिजलेला किंवा मसाल्यातला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे आमटी, रस्सा, कांदा-लसूण मसाल्याला हात लागलेलं सगळं बाद. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंड निकामी करतात. प्रसादाचा शिरा आणि दिवाळीचा चिवडा यांच्यावर म्हणून बारीक लक्ष ठेव. द्राक्षांतलं टार्टरिक आम्ल यामागे असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचं सारही नको. चॉकलेट, चहा-कॉफी, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंग गम आणि शिजलेली हाडं, हेही त्याच्या वाटेत येऊ देऊ नकोस. मोठ्या कुत्र्याचं जेवढ्याने उलटीवर भागतं तेवढ्याने लहान पिल्लू दगावू शकतं.

घरात सगळ्यांनाच लाडाने भरवायचं असतं, त्यांना नुसतं नाही म्हणून चालत नाही. त्यावर माझी एक रीत आहे. सकाळी दिवसभराचे ५५ ग्रॅम मोजून एका वाटीत काढून ओट्यावर ठेव. ज्याला भरवायचंय त्याने त्या वाटीतूनच घ्यायचं. सासूबाईंना हातावर दाणे ठेवून पिल्लाला बोलवू दे. त्यांना आनंद, पिल्लाला माणसांची सवय, आणि रात्री वाटी रिकामी झाली की हिशेब बरोबर.

पूर्ण आहाराच्या फूडवर कॅल्शियमचं सिरप घालायचं नाही. दुकानदार बाटली हातात ठेवतोच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच घे. जास्तीचं कॅल्शियमही वाढत्या हाडांना चांगलं नाही.

फूड मानवतंय की नाही हे पिल्लूच सांगतं. दर आठवड्याला त्याच वेळी वजन करून कॅलेंडरवर लिही. वजन वाढेल तसं खाणं वाढव. पण चार महिने उलटले की पडून राहायच्या गरजेच्या तिपटीऐवजी दुप्पट धरायचं. समजा पाचव्या महिन्यात ते दोन किलोंचं झालं, तर साधारण २३५ उष्मांक, म्हणजे साधारण ६२ ग्रॅम. वजन दुप्पट झालं तरी खाणं थोडंच वाढतं, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ पॉम याच वयात जाड व्हायला लागतात. दाट केसांमुळे डोळ्यांना कळत नाही, म्हणून हात फिरवून बघ: बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात, वरून बघताना कमरेला आत वळण हवं. जाड झालेल्या पॉमच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास वाढतो, श्वासनलिकाही दबते. शी घट्ट, उचलता येईल अशी हवी. आणि चार ते सात महिन्यांच्या मध्ये बाळकेस गळून पिल्लू एकदम भकास दिसायला लागेल. घाबरून फूड बदलू नकोस, पॉममध्ये ते वयाचंच लक्षण आहे. अंगाला खाज सुटून केस गेले, कातडी लाल झाली, तर ते निराळं, डॉक्टरांना दाखव.

दहा-बारा महिन्यांत त्याची वाढ पुरी होईल, तेव्हा त्याच आठ-दहा दिवसांच्या रीतीने प्रौढ लहान जातीच्या फूडवर आण. नसबंदी केलीस तर त्यानंतर खाणं थोडं कमी करून वजनावर लक्ष ठेव. सहा-सात महिन्यांना तोंड उघडून बघ. दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला चिकटून तसाच उभा राहिला असेल तर तो काढावा लागतो. पुढच्या लसीला जाशील तेव्हा पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि कॅलेंडरवरची वजनं डॉक्टरांना दाखव, जंताच्या औषधाची तारीखही तेव्हाच विचारून घे.